डाव्या हाताची मुळाक्षरे

गोंदियाची ओळख बाहेरच्या माणसाला दोन गोष्टींनी होते, तांदूळ आणि बिडी. तांदळाच्या गिरण्या स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर डोळ्यांत भरतात. बिडी मात्र घराघरांच्या ओसरीवर, मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायकांच्या बोटांत असते. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान मापाला कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळायचे, तोंड मुडपायचे आणि दोऱ्याचे वेढे द्यायचे. तोंडाने गप्पा चालू, नजर दारातल्या पोरावर आणि बोटे आपल्या वेगाने चाललेली. अशा बाईला मध्येच थांबवून विचारावे, की तोंड मुडपताना तुझे कोणते बोट आधी दाबते, तर ती गोंधळून हसते. बोटांना ते ठाऊक असते, तिला सांगता येत नाही.

हे बोटांचे ज्ञान नेमके कुठे राहते? हातात, की डोक्यात? प्रश्न पंडिती वाटेल, पण धानाच्या मुलखात राहणाऱ्याला तो अधूनमधून अंगावर येतो. दिवाळीनंतर मळणी यंत्रे सुरू होतात आणि एखाद्या हंगामात कुणाचा तरी हात यंत्रात जातो. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची उजव्या हाताची बोटे अशीच गेली. जखम भरून आली, शेती पुन्हा सुरू झाली. अडले ते बँकेत. डाव्या हाताने केलेली सही जुन्या सहीशी जुळत नव्हती. माणूस तोच, नाव तेच, पैसेही त्याचेच. पण हात बदलला आणि जणू माणूसच बदलला. तेव्हापासून डाव्या हाताचा विषय निघाला, की मी कारोय ताकाचची गोष्ट सांगतो.

आपल्याकडे हे नाव बहुधा कॅरोली टॅकाक्स असे लिहिले जाते. हंगेरियन उच्चार कारोय ताकाच असा आहे. तो शिपाईगडी होता, पिस्तुलाचा नेमबाज होता आणि १९७६ साली वारला. रविवारी सकाळी चहाबरोबर वाचायला पिस्तूल हा काही घरगुती विषय नाही, हे मला कळते. आमच्या जिल्ह्यात तर बंदूक म्हटली की नागझिरा-नवेगावच्या जंगलातल्या जुन्या शिकारकथा आठवतात, नाहीतर सालेकसा-देवरीकडची पोलीस ठाणी. पण ताकाचचे पिस्तूल खेळातले होते. त्याने पदके मिळवली ती पंचवीस मीटरवरच्या लक्ष्याला भोके पाडून. आणि त्याची खरी लढाई त्या लक्ष्याशी नव्हतीच; ती होती स्वतःच्या एका बोटाशी.

सार्जंट असण्याची शिक्षा

ताकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टचा. तरुणपणी तो हंगेरीच्या सैन्यात गेला आणि पिस्तूल नेमबाजीत त्याने असे नाव काढले, की १९३६ पर्यंत त्याची गणना जगातल्या पहिल्या फळीच्या नेमबाजांत होऊ लागली. त्या वर्षी बर्लिनला ऑलिंपिक होते. ताकाच मात्र घरीच राहिला. त्याचा नेम चुकला नव्हता, त्याचा हुद्दा कमी पडला होता. ऑलिंपिकच्या नेमबाजीसाठी सैन्यातून फक्त कमिशन मिळालेले अधिकारी पाठवायचे असा तेव्हा हंगेरीत नियम होता आणि ताकाच होता सार्जंट. बर्लिनला त्याच्या प्रकारातले सुवर्ण जर्मनीच्या कोर्नेलियुस फान ओयेनने नेले.

बर्लिननंतर हा नियम उठला. पुढचे ऑलिंपिक १९४० साली टोकियोला व्हायचे होते. ताकाच तेव्हा तिशीचा असता, म्हणजे पिस्तूल नेमबाजाच्या ऐन उमेदीचे वय. आता फक्त चार वर्षे हात शाबूत ठेवायचा होता.

चाप नावाची गोष्ट

पुढे काय गमावले आणि काय मिळवले हे समजायचे, तर हा खेळ थोडा समजून घ्यायला हवा. ताकाचचा प्रकार होता पंचवीस मीटर रॅपिड फायर, म्हणजे जलद नेमबाजीचा. समोर ओळीने पाच लक्ष्ये. नेमबाज एका हाताने पिस्तूल धरून उभा. दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही. हात खाली तिरका झुकलेला. लक्ष्ये समोर आली की हात उचलायचा आणि डावीउजवीकडे सरकत प्रत्येक लक्ष्यावर एक, अशा पाच गोळ्या सोडायच्या. आधी आठ सेकंदांत, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत. अशा एकूण साठ गोळ्या, दर गोळीला जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे पूर्ण गुण सहाशे. चार सेकंदांच्या फेरीत हात उचलून पहिली गोळी सोडण्यातच दीड सेकंद जातो. उरलेल्या चार गोळ्यांना प्रत्येकी पाऊण सेकंदही मिळत नाही.

एवढ्या वेगासाठी लागते ते अर्धस्वयंचलित पिस्तूल. त्याचा वरचा भाग गोळी सुटताच धक्क्याने मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, खटका पुन्हा ताणतो आणि पुढे येताना मॅगझीनमधले नवे काडतूस नळीत ढकलतो. हे सारे पापणी लवायच्या आत होते. नेमबाजाने फक्त चाप ओढायचा. आणि सारी मेख त्या ‘फक्त’मध्ये आहे.

चाप दिव्याच्या बटणासारखा नसतो. घरातला अडकित्ता डोळ्यांपुढे आणा. सुपारी पात्यात धरली की आधी दांडे थोडे सैल हलतात. तो मोकळा प्रवास. मग सुपारीचा कठीणपणा हाताला लागतो. तिथे सावकाश दाब वाढवत नेला की एका क्षणी सुपारी कट्कन फुटते. चापाचेही तसेच आहे. थोडा ढिला प्रवास, मग भिंत लागल्यासारखा अटकाव आणि वाढत्या दाबाने अचानक सुटणे. सुपारी फुटल्यावर जोर आवरला नाही तर दांडे एकमेकांवर आपटतात. चाप सुटल्यावर बोट तसेच मागे आपटले, तर नळीचे टोक केसभर हलते आणि पंचवीस मीटरवर त्या केसाची बोटे होतात. म्हणून बोट सरळ मागे यायला हवे, बाजूने ढकलता कामा नये आणि बाकीच्या मुठीला त्याची खबरही लागता कामा नये. करंगळी आवळून धरणाऱ्या मुठीत तर्जनी एकटी, निवांत चालली पाहिजे. हल्लीच्या नियमात या प्रकारच्या पिस्तुलाचा चाप किमान एक किलोचे वजन पेलणारा असावा लागतो. स्पर्धेआधी वजन टांगून ते तपासतात.

एक गोळी सुटली म्हणजे काम संपत नाही. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप ओढून धरला तर दुसरी गोळी सुटत नाही. बोट थोडे पुढे सोडावे लागते. मग आत एक बारीक टिचकी बसते आणि चाप पुन्हा सज्ज होतो. याला नेमबाज रीसेट म्हणतात. नवशिका घाईत बोट पार पुढे नेतो आणि पुन्हा तो सगळा ढिला प्रवास करतो, किंवा बोट उचलून चापावर आदळतो. मुरलेला नेमबाज टिचकी लागेल एवढेच बोट सोडतो. चांगला पेटीवादक जलद तानेत स्वरपट्टीवरून बोट उंच उचलत नाही. पट्टी पुन्हा बोलेल एवढेच वर येऊ देतो. हे तसेच आहे. पाऊण सेकंदात धक्का, टिचकी, नवे लक्ष्य, दाब आणि सुटणे. ही टिचकी गोळीच्या आवाजात ऐकू येत नाही. ती बोटाच्या पेरालाच कळते.

मी स्वतः पिस्तूल नेमबाज नाही. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टू रायफलीच्या थोड्या गोळ्या झाडल्या आहेत, तेवढाच माझा अनुभव. आमचे हवालदार सांगायचे, की चाप ओढायचा नसतो, दाबत न्यायचा असतो, आणि गोळी कधी सुटली याचे तुम्हालाच आश्चर्य वाटले तर ती बरी सुटली. ऐकायला सोपे होते. पण गोळी सुटणार, धक्का बसणार, हे मनाला आधीच कळलेले असते आणि शरीर क्षणभर आधी आकसते. नेम बिघडतो तो तिथे. डोळा बरोबर पाहत असतो, मन दगा देते.

उजवा हात गेला

१९३८ साली सैनिकी प्रशिक्षण चालू असताना एक सदोष हातबॉम्ब ताकाचच्या उजव्या हातात फुटला. हात छिन्नविच्छिन्न झाला. महिनाभर तो रुग्णालयात होता. टोकियोला दोन वर्षे उरली होती आणि ज्या एका बोटावर त्याचा सारा लौकिक उभा होता, ते बोट त्याच्या कामाचे उरले नव्हते.

आपल्याकडे ही गोष्ट शिबिरांत, भाषणांत पुष्कळदा सांगितली जाते. वक्ता इथे आवाज चढवतो, एका वाक्यात ताकाचला डाव्या हातात पिस्तूल देतो आणि पुढच्या वाक्यात सुवर्णपदक गळ्यात घालतो. टाळ्या पडतात. मला मात्र त्या दोन वाक्यांच्या मधली जागा महत्त्वाची वाटते.

हात बदलला की काय काय बदलते ते पाहा. पावले उलटी पडतात, खांदा उलटा वळतो. शरीराचा तोल, जो वर्षानुवर्षे एका बाजूला घट्ट बसला होता, तो दुसरीकडे न्यावा लागतो. बहुतेक माणसांचा एक डोळा जास्त सत्ता गाजवणारा असतो. तो उजवा असेल आणि पिस्तूल डाव्या हातात आले, तर मान आणि नजर यांची नवी जुळवणी करावी लागते. पिस्तुलेही बहुधा उजव्या हाताच्या माणसांसाठी घडवलेली. मूठ त्या पंजाच्या आकाराची, कळी त्या अंगठ्याजवळ. पण हे सगळे बाहेरचे. आत तर्जनी आहे. डाव्या हाताच्या तर्जनीने आयुष्यात कधी एकटीने काही केलेले नसते. ती हलली की मधले बोटही हलते आणि मूठ आवळते. अडकित्ता डाव्या हातात धरून सुपारी कातरून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

यातली सर्वांत कठीण गोष्ट शरीराची नसावी असे मला वाटते. ज्याला खेळातले काहीच येत नाही, त्याला आपली गोळी कडेला गेल्याचे फारसे दुःख होत नाही. ताकाचला मात्र प्रत्येक गोळी कशी जायला हवी होती हे नेमके ठाऊक होते. उत्तम गाणाऱ्याचा आवाज गेला आणि कान शाबूत राहिला, तर त्याने बाराखडीपासून सुरुवात करताना रोज स्वतःचा बेसूर ऐकायचा. पण तोच कान शेवटी त्याचा गुरूही होतो. उजव्या हाताबरोबर बोट गेले, तरी चांगली गोळी कशी लागते याची जाण गेली नव्हती. टिचकी कुठे यावी, दाब कुठे वाढावा, कधी थांबावे, हे डोक्यात होते. डाव्या बोटाला ते एकेक अक्षर गिरवून शिकवायचे होते.

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर ताकाचने हा सराव गुपचूप केला. लोकांना त्याचा पत्ता नव्हता. मला हे गुपित फार माणुसकीचे वाटते. पांगळ्या माणसाच्या धडपडीला लोक दोनच गोष्टी देतात, कीव किंवा कौतुक, आणि शिकणाऱ्याला दोन्ही सारख्याच अडचणीच्या. कडेला गेलेल्या गोळ्या एकट्याने मोजलेल्या बऱ्या.

१९३९ च्या वसंतात हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा भरली. ताकाच तिथे आला तेव्हा जुने सोबती त्याच्या दुर्दैवाबद्दल हळहळले आणि तो स्पर्धा पाहायला आला याचे त्यांना बरे वाटले, असे सांगतात. तो पाहायला आला नव्हता. डाव्या हाताने तो ती स्पर्धा जिंकला. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत या प्रकारात पहिल्या आलेल्या हंगेरीच्या संघातही तो होता.

शिकायला आलेला माणूस

आता टोकियो. पण ते झालेच नाही. महायुद्ध पेटले, १९४० चे ऑलिंपिक रद्द झाले आणि १९४४ चेही. हंगेरी युद्धात जर्मनीच्या बाजूने उतरली आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात बुडापेस्टला वेढा पडून शहराची चाळण झाली. ज्याने उजव्या हाताच्या जागी डावा उभा केला, त्याच्या हाताबाहेरच्या कारणांनी ऐन उमेदीची वर्षे निघून गेली. हुद्द्याने एक ऑलिंपिक गेले होते, युद्धाने दोन गेली.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले तेव्हा ताकाच ३८ वर्षांचा होता. ती स्पर्धाही गरिबीची होती. इंग्लंडात अन्नधान्याचे रेशन चालू होते आणि खेळाडूंची सोय नवे क्रीडाग्राम न बांधता बराकींत नि शाळा-कॉलेजांत केली होती. नेमबाजी बिस्लीच्या मैदानावर झाली. जिंकणार म्हणून सगळे ज्याच्याकडे पाहत होते तो होता अर्जेंटिनाचा जगज्जेता कार्लोस दियाझ साएन्झ वालिएन्ते. असे सांगतात, की त्याने ताकाचला ओळखले आणि तो लंडनला कशाला आला आहे याची चौकशी केली. आपण शिकायला आलो आहोत, एवढेच ताकाचने सांगितले.

त्या दिवशी ताकाचने सहाशेपैकी ५८० गुण केले. तो विश्वविक्रम होता. वालिएन्ते ५७१ गुणांवर दुसरा आला. पदकांच्या वेळी या उमद्या माणसाने ताकाचचे शिक्षण पुरे झाल्याची पावती दिली म्हणतात. गोष्टीतला विनोद सोडला तरी ताकाचचे उत्तर मला खोटे वाटत नाही. ज्याने अट्ठाविसाव्या वर्षी पुन्हा मुळाक्षरे गिरवली, त्याला शिकणे हा शब्द लाज वाटण्यासारखा उरला नसणार.

चार वर्षांनी हेलसिंकीला तो पुन्हा उतरला आणि ५७९ गुण करून पुन्हा जिंकला. या प्रकारातले सुवर्ण लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिला. पण मला त्या निकालातली दुसरी ओळ जास्त आवडते. ५७८ गुणांनी रौप्य मिळवले ते सिलार्द कुन याने. तो हंगेरीचाच, जेमतेम १७ वर्षांचा आणि ताकाचच्या हाताखाली तयार झालेला. गुरू बेचाळीस वर्षांचा, शिष्य सतरा वर्षांचा आणि दोघांत फरक एका गुणाचा! जे डाव्या बोटाला शब्दाशब्दाने समजावावे लागले होते, ते दुसऱ्याला समजावणे त्याला सोपे गेले असेल. ओसरीवरच्या त्या बाईला बोटांचे सांगता येत नाही, कारण तिला ते कधी दुसऱ्यांदा शिकावे लागलेले नसते. ताकाचला ते सांगता येत होते.

१९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला होते. त्याआधी काही आठवडेच बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. हंगेरीचे कितीतरी खेळाडू मेलबर्नहून मायदेशी परतलेच नाहीत. ४६ वर्षांचा ताकाच त्या स्पर्धेत आठवा आला. दोन वर्षांनी जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. राष्ट्रीय अजिंक्यपदे त्याने एकूण ३५ मिळवली. हुद्द्यासाठी एकदा नाकारलेला हा सार्जंट सैन्यातून लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडला. ५ जानेवारी १९७६ रोजी, ६६ वा वाढदिवस पंधरवड्यावर असताना, बुडापेस्टमध्येच त्याचे निधन झाले.

आपल्या अंगणात

ताकाचच्या या खेळाशी आपला संबंध लांबचा नाही. लंडनला २०१२ साली पुन्हा ऑलिंपिक झाले तेव्हा याच पंचवीस मीटर रॅपिड फायर प्रकारात भारताच्या विजय कुमारने रौप्यपदक मिळवले. तो आपल्या सैन्यात तेव्हा सुभेदार होता. १९३६ सालचा हंगेरीचा नियम आपल्याकडे असता, तर हा सुभेदारही घरीच राहिला असता! आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर कोल्हापूरच्या राही सरनोबतने महिलांच्या पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात २०१३ साली विश्वचषक स्पर्धेचे आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आणले. तिच्या प्रकारातल्या जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर राहते आणि तेवढ्यात हात उचलून एक गोळी सोडायची असते. चाप तोच, भिंत तीच.

आमच्या गल्लीतल्या त्या गृहस्थांना बँकेने पुढे नवी सही नोंदवून घेतली. त्यासाठी त्यांनी नातवाच्या दुरेघी वहीत महिनाभर आपले नाव गिरवले होते, दार लोटून घेऊन. घरातल्यांना वही सापडली तेव्हाच ते कळले. मी त्यांना ताकाचची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी पदकांचे काहीच विचारले नाही. त्यांना हवे होते ते एवढेच, की त्या माणसाच्या डाव्या हाताला वळण लागायला किती दिवस लागले. हातबॉम्ब १९३८ चा आणि राष्ट्रीय स्पर्धा १९३९ च्या वसंतातली, असे मी सांगितले. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि मान डोलावली.